मोसंबीएवढी टोपी, व्हाया तुळशीबाग

तुळशीबागेत पुरुषांना काम एकच, असा पुण्यात समज आहे: पिशव्या धरून उभं राहायचं! शनिवारी संध्याकाळी बघा, बोळाच्या तोंडाशी असे दहा-बारा जण मोबाइलमध्ये डोकं खुपसून ताटकळत असतात. मी त्यांना वळसा घालून आत शिरतो. मला लोकर घ्यायची असते.

तुळशीबाग म्हणजे बांगड्या, कानातली, समया, भातुकलीचे इवलेसे डबे, हे सगळ्यांना ठाऊक. या गजबजाटाच्या मधोमध एक राममंदिर आहे. नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी त्याचं काम सुरू केलं ते १७६१ मध्ये, म्हणजे थेट पानिपताच्या सालात. आवारात पाऊल टाकलंत की बाहेरचं ‘या ताई, बघून तर जा’ एकदम मंदावतं. २०२४ मध्ये मंडईचं मेट्रो स्टेशन सुरू झालं, त्यामुळे पार्किंगचं रडगाणंही आता चालायचं नाही. पिंपरी-चिंचवडकरांनो, ऐकताय ना?

लोकरीचं दुकान म्हणजे जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा आणि छतापर्यंत रचलेले गुंडे. लुधियानाहून आलेला माल. आपण ‘लोकर’ म्हणतो खरं, पण त्यातला बराचसा माल ॲक्रिलिक, मेंढीशी त्याचं नातं फक्त नावापुरतं. तान्ह्या बाळासाठी ते सोयीचंच. मऊ असतं, टोचत नाही आणि धुवायला सोपं. काउंटरवरच्या काकांनी पहिल्या भेटीत मला विचारलं होतं, “मॅडमनी नंबर लिहून दिलाय का?” विणणारा मीच, हे कळल्यावर त्यांनी चष्मा वर केला आणि पुढचा प्रश्न टाकला, “कुणासाठी?”

हा प्रश्न मला भयंकर आवडतो. मॉलमध्ये गिफ्ट घ्यायला जा, तिथे ‘बजेट काय?’ इथे ‘कुणासाठी?’ कळल्याशिवाय पुढचं काही ठरतच नाही. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या कॉफी मगाला कोट घालायचाय? जाड धागा, जाड सुया, एका वीकेंडचं काम. भाचीसाठी बोटांत घालायच्या बाहुल्या? उरलेल्या रंगीत तुकड्यांत भागतं. तान्हं बाळ असेल तर मात्र काका शिडीवर चढतात.

सुयांचा एक घोळ आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडे जुने ब्रिटिश नंबर चालतात, म्हणजे नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, १० नंबरची सव्वातीनची. अमेरिकन पॅटर्नमधली ८ नंबरची सुई मात्र तब्बल ५ मिलिमीटरची! तेव्हा नंबर सोडा, मिलिमीटर बघा.

मागच्या डिसेंबरात माझ्या मित्राला मुलगी झाली. बत्तिसाव्या आठवड्यात. वजन दीड किलोच्या जरा वर. घरी बाळंतविड्याची तयारी जोरात चाललेली. झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी, सगळं पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मापाचं. त्यातलं एकही तिला होईना. मित्र रोज दुपारी वॉर्डात जाऊन शर्ट काढून आरामखुर्चीत बसायचा आणि लेकीला उघड्या छातीवर घ्यायचा. यालाच कांगारू केअर म्हणतात. बापाच्या अंगाची ऊब थेट बाळाला. त्या वेळी बाळाला लंगोट असतो आणि डोक्यावर टोपी, बस्स. एवढ्या लहान जिवाच्या अंगातली ऊब डोक्यावाटे भराभर जाते, म्हणून टोपी हवीच. मित्राचा मेसेज आला: ‘डोकं २९ सेंटिमीटर. जमेल?’

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ असतो. २९ म्हणजे मोठ्या मोसंबीएवढं डोकं. मी तुळशीबाग गाठली.

दुकानात एक आजी दुपट्याच्या काठासाठी क्रोशाचा दोरा निवडत होत्या. माझं आणि काकांचं बोलणं त्यांनी ऐकलं (तुळशीबागेत खासगी असं काही नसतं) आणि ताबा घेतला. “चार प्लाय घे. रंग फिका घे, वॉर्डात डाग दिसला पाहिजे. गोंडा लावू नकोस. बंद नकोत, मणी नकोत. आणि आतल्या बाजूला सुटा धागा ठेवू नकोस हं. पुढं मोजे विणशील तेव्हा तर अजिबात नको, बाळाच्या बोटाला गुंडाळतो तो आणि कुणाला कळतही नाही.” मी फिकट पिवळा गुंडा घेतला. पन्नास ग्रॅमचा. अशा टोपीला त्यातला निम्माही लागत नाही, आणि एका कॅफेतल्या कॉफीत असे दोन गुंडे यावेत!

हिशेब सोपा होता. १० नंबरच्या सुईवर चार प्लायचे दहा सेंटिमीटरला साधारण २८ टाके बसतात. टोपी डोक्यापेक्षा जराशी लहानच हवी, म्हणून २७ धरले. ७६ टाके. काठाला एक सुलट-एक उलट, म्हणजे ताण बसतो पण आवळत नाही. पुढं साधं विणत जायचं आणि माथ्याशी टाके घटवायचे. मधे रिलीज होती, तरी दोन रात्रींत झाली. कॉलवर असताना कॅमेरा बंद ठेवून मी सात ओळी विणल्या, हे मॅनेजरला कळवू नका.

माझ्या तळहातावर ती टोपी ठेवली तर बोटं उघडीच राहत होती. आई सुलट-उलट टाके शिकवायची तेव्हा ‘सैल विण, सैल विण’ करायची. या वेळी तिनं टोपी ताणून पाहिली आणि काहीच बोलली नाही.

वॉर्डात कपडे उकळून, वाळवून द्यावे लागतात, त्यात आणखी एक दिवस गेला. मग मित्राचा फोटो आला. त्याची केसाळ छाती, त्यावर डायपर आणि पिवळी टोपी. चेहरा दिसतच नव्हता.

ती पाच आठवड्यांनी घरी आली. झोपताना टोपी काढून ठेवायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून टोपीची ड्यूटी तशी संपलीच. लवकरच तिला बाळंतविड्यातली झबली व्हायला लागली आणि आजीबाईंचा जीव भांड्यात पडला. पिवळी टोपी आता मित्राच्या गाडीच्या गिअरवर बसलीय. तो गिअर बदलताना ती काढत नाही.

मे महिन्यात त्याचा मेसेज आला: ‘४१ सेंटिमीटर.’ पुढं काही नाही, इमोजीसुद्धा नाही. उन्हाळा आहे, तेव्हा या खेपेला सुती धागा.