अर्जावरचे नाव

आमच्या घरात एकच अर्ज दोनदा लिहिला गेला. पहिल्यांदा त्यावर आमचे नाव होते, दुसऱ्यांदा धाकट्या भावाचे. दोन्ही वेळा अक्षर आमचेच, कारण घरात लिहिणारे आम्हीच होतो.

साल २००९. आम्ही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, विषय समाजशास्त्र. वडील मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेत सफाई कामगार. पंचवीस वर्षे नाल्या उपसून छाती दम्याने भरली, डॉक्टरांनी कामासाठी अपात्र ठरवले. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते, हे आपल्या वस्त्यांत शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही माहीत असते. संविधानातली कलमे एक वेळ माहीत नसतील, पण 'लाड-पागे' माहीत असते. तेव्हा वडिलांनी एके रात्री जेवताना सहज सांगावे तसे सांगितले, "परमनंट हाये. तुझं नाव देतो. कागद करून घे."

आम्ही वीस वर्षांचे. पदवीला दीड वर्ष बाकी. तरुण मित्रांनो, हातात आयती आलेली कायम नोकरी म्हणजे काय, हे ज्याच्या घरी किराणा उधारीवर येतो त्यालाच कळते. भारत सरकारची शिष्यवृत्ती तेव्हा वर्ष संपता संपता जमा व्हायची. ती येईपर्यंत मेसवाल्याला तोंड चुकवत फिरायचे. आणि इकडे दर महिन्याला पगार, आजारपणात रजा, लग्नाच्या बाजारात पत. आम्ही अर्ज लिहिला. खाली सही केली. दोन दिवस तो वहीत ठेवला आणि तिसऱ्या दिवशी वडिलांना सांगितले की आम्हाला झाडू नको.

त्या वेळी आम्ही जे बोललो ते आजही पाठ आहे, कारण ते चांगले भाषण होते. आम्ही म्हणालो, बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले ते कशासाठी? बापाचे काम पोराच्या गळ्यात पडू नये म्हणूनच ना? वतन कायद्याने जायला १९५८ साल उजाडले, आणि आता आपणच नगरपरिषदेत जाऊन नवे वतन मागायचे का? जातीचा अर्थ नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच पायरीपायरीने केलेली वाटणी आहे, हे आम्ही नुकतेच वाचले होते आणि ते जेवणाच्या ताटावर ऐकवले. वडील ऐकत राहिले. मग म्हणाले, "बरं. मग धाकट्याचं देतो."

आमच्या भाषणात याचे उत्तर नव्हते.

भाऊ तेव्हा नुकताच अठरा वर्षांचा झाला होता आणि बारावीला होता. दहावीला त्याला आमच्यापेक्षा सात टक्के जास्त होते. पण त्या आठवड्यात घरातले सगळेच एक वाक्य बोलू लागले, "तसंबी त्याचं मन अभ्यासात नाही." आईही म्हणाली, मामाही म्हणाला. आम्ही म्हणालो नाही, पण खोडूनही काढले नाही. हे वाक्य आपल्या वस्तीत कोणत्या घरात, कोणत्या लेकराविषयी आणि नेमके कोणत्या महिन्यात उच्चारले जाते, याचा कोणी समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने अभ्यास करावा. बहुतेक वेळा ते पैशाची गरज पडल्यानंतरच सुचते. आणि मुलगी असेल तर गरज पडण्याआधीच.

दुसरा अर्ज आम्हीच लिहिला. त्याने बारावीची परीक्षा दिली नाही. वर्षभराने नेमणुकीचे पत्र आले. २००५ च्या १ नोव्हेंबरनंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, म्हणून वडिलांना जी पेन्शन होती ती त्याला नाही. हे त्यालाही ठाऊक नव्हते आणि अर्ज लिहिणाऱ्यालाही. त्याच्या पगारातून आमचे एम.ए. झाले. आमच्या पदवी प्रमाणपत्रावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे नाव छापलेले आहे. १९७८ साली या नावासाठी मराठवाड्यातली आपली घरे जळाली, माणसे मारली गेली, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. ते प्रमाणपत्र घरी आणले तेव्हा भाऊ पहाटपाळी करून झोपला होता. आईने त्याला उठवू दिले नाही.

हे सगळे आज लिहायचे कारण असे. आमच्या वस्तीतल्या विहारात अभ्यासिका आहे, संध्याकाळी आम्ही तिथे असतो. तिथे येणारी एक मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या सत्रात आहे. तिला बचत गटांना कर्ज देणाऱ्या एका कंपनीने वसुलीच्या कामावर घ्यायचे कबूल केले. महिना सोळा हजार, गाडीचे पेट्रोल वेगळे, आणि एक तारखेपासून हजर व्हा. परीक्षा त्यानंतर दीड महिन्याने. तिची आई चार घरची धुणीभांडी करते, वडील नाहीत. तिने विचारले, "दादा, घेऊ का?"

अभ्यासिकेतल्या आमच्या एका सहकाऱ्याने लगेच निकाल दिला. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, तू सोळा हजारांसाठी पदवी सोडतेस? हा सहकारी सरकारी नोकरीत आहे आणि दोन पिढ्यांपासून आहे, हे इथे नोंदवून ठेवतो. चळवळीत शिक्षणाचा उपदेश सर्वांत मोठ्या आवाजात तोच करतो ज्याच्या घरचा किराणा ठरलेला असतो. भुकेल्या घराला बाबासाहेबांचे नाव सांगून गप्प करणे हा त्यांचा वापर झाला, त्यांचा विचार नव्हे.

आणि वापर करायचाच तर निदान चरित्र नीट वाचावे. बाबासाहेबांचे शिक्षण एका रेषेत झालेले नाही. १९१२ ला बी.ए. झाल्यावर १९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याच्या नोकरीत गेले, आणि फेब्रुवारीत रामजीबाबा वारले. त्याच वर्षी कोलंबिया. पुढे १९१६ ला लंडन. १९१७ ला बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि करारानुसार त्यांना शिक्षण अर्धवट टाकून नोकरीसाठी परतावे लागले. बडोद्यात काय झाले ते सर्वांना पाठ आहे. फायली फेकणारे शिपाई, पारशी धर्मशाळेतून काढणे, सगळे. पण परत निघण्यापूर्वी त्यांनी काय केले हे आपण भाषणांत सांगत नाही. त्यांनी लंडन विद्यापीठाकडून परवानगी घेतली होती की चार वर्षांच्या आत येऊन राहिलेला अभ्यास पूर्ण करता येईल. मग सिडनहॅम कॉलेजात १९१८ पासून प्राध्यापकी केली, पैसा साठवला, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेनांकडून पाच हजार उसने घेतले आणि १९२० ला, मुदतीच्या आत, लंडन गाठले. १९२३ ला डी.एस्सी.

म्हणजे नोकरीसाठी शिक्षण थांबवणारा माणूस म्हणूनही बाबासाहेबांकडे पाहता येते. फरक एवढाच की त्यांनी दार लोटून घेतले होते, बंद केले नव्हते, आणि ते उघडे राहील याची व्यवस्था निघण्याआधी केली होती. आमच्या भावाने दार बंद केले, आणि ते बंद होत आहे हे त्याला कोणी सांगितले नाही. सांगायचे काम आमचे होते. आम्ही तेव्हा वतनावर बोलत होतो.

आणखी एक गोष्ट चरित्रात आहे, आणि आम्हाला ती वाचताना आजही थांबावे लागते. भीमरावांचे शिक्षण चालू राहावे म्हणून थोरले बंधू आनंदराव यांचे शिक्षण थांबले, ते कमाईला लागले. आनंदरावांची जयंती आपण करत नाही. रमाईंची करतो, पण त्यागाची मूर्ती म्हणून करतो. त्यांचा हिशेब मांडावा म्हणून करत नाही.

म्हणून त्या मुलीला आम्ही 'घे' किंवा 'नको' म्हणालो नाही. आधी विचारले, परीक्षेचा फॉर्म भरलास का? भरला होता. मागच्या सत्रातला एखादा विषय राहिला आहे का? नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर मंजूर आहे का, हप्ता आला का? एक आला होता. हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. पण आपली मुले पदवी सोडत नाहीत, ती गळतात. कोणी उठून 'मी शिक्षण सोडले' असे जाहीर करत नाही. एक फॉर्म राहतो, हजेरी कमी पडते, पुढच्या सत्राला बघू म्हणतात, आणि तीन वर्षांनी लग्नपत्रिकेवर नावापुढे 'बी.कॉम. (अपूर्ण)' लिहायचे की काहीच नाही यावर घरात चर्चा होते.

नव्या शैक्षणिक धोरणाने तर या गळतीला नावही छान दिले आहे. २०२० च्या धोरणात एका वर्षानंतर बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी. श्रेयांक बँकेत ठेवा, सात वर्षांपर्यंत परत येऊन वापरा. कागदावर हे बाबासाहेबांच्या लंडनच्या परवानगीसारखेच दिसते, आणि त्याचा उपयोग होईल तिथे आपण करून घेतलाच पाहिजे. पण बाहेर पडण्याची सोय आणि परत येण्याची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परत येताना फी कोण देणार? त्या वेळी घरात कमावणारे दुसरे कोण असेल? धोरणात दोन्ही दारे सारख्याच आकाराची काढली आहेत. वस्तीत बाहेरचे दार रस्त्याला लागून असते आणि आतले डोंगरावर. एका वर्षाच्या प्रमाणपत्राने तलाठ्याची परीक्षा देता येत नाही, राज्यसेवेची देता येत नाही. तिथे पदवीच मागतात.

सोळा हजार मात्र खरे आहेत, आणि त्या घरात ते आईच्या गुडघ्यांना दोन घरांची सुट्टी देणारे आहेत. ते आम्ही कमी लेखणार नाही.

आम्ही तिला भावाकडे नेले. का नेले ते नीट सांगता येणार नाही. कदाचित उत्तर देण्याची जबाबदारी आम्हाला पुन्हा टाळायची होती. भाऊ आता चौतीस वर्षांचा आहे. मधल्या काळात त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी काढली, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात पहिल्या वर्षाला नाव घातले. २०२० ला कोरोनात कामाच्या पाळ्या अशा लागल्या की पुस्तके पेटीत गेली. तो खाटेवर बसून तिचे सगळे ऐकत होता. मग त्याने विचारले, "त्यांनी तारीख कागदावर दिली का तोंडी?"

तोंडी.

"मग तूही तोंडी हो म्हण. पण हजर व्हायच्या आधी हॉल तिकिटाची झेरॉक्स घेऊन जा. पेपरच्या दिवसांची रजा बिनपगारी माग, पण लिहून माग. नाही दिली तर तिथंच कळंल का हे लोक कसे हायेत. पहिल्या दिवशी माणूस जे मागून घेतो तेवढंच मिळतं. मी काईच मागितलं नव्हतं."

शेवटचे वाक्य तो तिला बोलला. आम्ही शेजारीच बसलो होतो. सोळा वर्षांत त्या अर्जाविषयी त्याने आमच्यासमोर काढलेले हे पहिले वाक्य. घरी परतताना आम्ही त्याला म्हणालो की मुक्त विद्यापीठाचे दुसरे वर्ष भर, फी आम्ही देतो. तो म्हणाला, "फीचा सवाल नाही रे. वेळ कुठून आणतोस?" सध्या आम्ही दोघे त्याच्या पाळीचे वेळापत्रक घेऊन बसतो आहोत. नगरपरिषदेत निम्मे काम आता ठेकेदाराकडे गेले आहे, कायम माणसे कमी, म्हणून रविवारही मोकळा मिळत नाही. आमच्या भाषणातल्या 'नव्या वतना'चे पुढे काय झाले तेही यात आले. वतन संपले नाही, त्यातला पगार तेवढा कमी झाला. ठेकेदाराकडची पोरेही आपल्याच वस्तीतली, फक्त त्यांना रजा नाही आणि वारसही नाही.

मुलीने नोकरी घेतली. एक तारखेला हजर झाली, हॉल तिकिटाची झेरॉक्स आणि रजेचा अर्ज घेऊन. अर्ज तिने स्वतः लिहिला, आम्ही फक्त वाचला. शाखेच्या व्यवस्थापकाने पाचपैकी चार पेपरांची रजा मंजूर केली. पाचव्या दिवशी गटांची वसुली असते, म्हणून तो दिवस 'बघू' म्हणाला आहे. तिने दुसरा अर्ज दिला आहे आणि त्याची पोच घेतली आहे. पेपर पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला आहे.