सीझन संपताना दुखणारं पोट

हिंगणघाटजवळच्या शाळेत शिकवताना माझं ठाम मत होतं की मुलाची तब्येत म्हणजे अंगणवाडी, शाळेतली खिचडी, लोहाची गोळी आणि स्वच्छ पाणी. बापाला काम आहे की नाही, हे मास्तरनं कशाला विचारायचं? आज मी ते विचारतो.

मार्चमध्ये पोरं पोट धरून बसायची. परीक्षेची धास्ती असेल, असं मी धरून चालायचो. पण त्यातली बरीचशी जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, कामाला जाणाऱ्यांची होती. दिवाळीच्या सुमारास कापूस यायला लागतो, उन्हाळ्याच्या तोंडाशी आवक आटते, आणि मुकादम कोणाला ठेवेल, कोणाला घरी पाठवेल, कोणालाच ठाऊक नसतं. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "सर, बाबा रातभर झोपत नाही. मलेबी झोप येत नाही." तिची परीक्षा संपली, दुखणं संपलं नाही.

जंत, पाणी, सिकलसेल हे आधी तपासायलाच हवं. सिकलसेल तर आपल्या विदर्भातला खरा आजार आहे. पण सरकारी दवाखान्यात औषध फुकट असलं तरी जायला दिवस मोडतो. पूर्वी कापडगिरणीतला कायम कामगार रजा टाकून पोराला नेऊ शकायचा. ठेक्यावरच्या माणसानं खाडा केला की रोजी बुडते आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागेवर दुसराच उभा असतो. मग ताप अंगावर काढला जातो. लेकराच्या अंगावर.

हे काही आपल्याकडचंच नाही. ऑस्ट्रियातल्या मारिएन्टाल गावची कापडगिरणी बंद पडली, तेव्हा मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बेकार कुटुंबांचा अभ्यास केला. तो 1933 साली छापला गेला. बेकारी भत्ता मिळण्याच्या आदल्या दिवशी कित्येक मुलांच्या डब्यात कोरडा पाव असे, नाहीतर काहीच नसे. नाताळला काय हवं, असं विचारल्यावर मुलं थोडंच मागत, तेही 'आईबाबांना काम असतं तर' असं म्हणून. गिरणीचा भोंगा ऐकत वाढलेल्या हिंगणघाट-पुलगावच्या माणसाला हे परकं वाटणार नाही.

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रानं रोजगार हमी उभी केली. मी तिच्याकडे रस्ते आणि विहिरी म्हणूनच पाहत आलो. आता ग्रामसभेत पोषण आहाराचा विषय निघाला की मी हमीच्या कामाचंही बोलतो: जिनिंग थंडावण्याआधीच कामं मंजूर करून ठेवा, आणि चुकारा वेळेवर द्या.