आत्ताची पैनगंगा

स्नेहसंमेलनाच्या कलादालनात यंदा आमच्या गटाने काहीतरी निराळे करायचे ठरविले. रांगोळी, भित्तिचित्रे, टाकाऊतून टिकाऊ हे तर दरवर्षीचेच! मला मांडणशिल्प करायचे होते. आणि तेही असे, की गावाची त्या क्षणीची खबर त्यातून दिसावी.

कल्पना माझी स्वतःची नव्हे. १९९५ च्या सुमारास अमेरिकेत नॅटली जेरेमिजेंको या कलावतीने झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात छताला प्लॅस्टिकची एक लांब दोरी टांगली होती. संगणकांच्या जाळ्यातली वर्दळ वाढली की ती गरगरे. शांतता असली की मधूनच जराशी हले. २००८ मध्ये हेलसिंकीत ‘हेहे’ या कलावंत जोडीने वीजकेंद्राच्या धुराड्यावरील ढगावर लेसरने हिरवी आकृती रेखली. लोकांनी वीज कमी वापरली की ती मोठी होई. म्हणजे घरातला दिवा मालवणारा प्रत्येक जण त्या चित्राचा कर्ता! आणि आपल्याकडे जानेवारी २०२१ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरला भर रस्त्यावर भलीमोठी पांढरी फुप्फुसे उभारली होती. आतले पंखे हवा ओढत. थोड्याच दिवसांत ती काळी पडली.

पण किनवटला मोजायचे काय? आमच्याकडे आहे ती पैनगंगा. विज्ञान शाखेतल्या मित्राने पुलाखाली ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा सेन्सर बसवून दिला. दालनातली कळ दाबली की तो पाण्याची पातळी मोजी, मोबाइलच्या सिमवरून आकडा येई आणि मोटर बांबूच्या चौकटीतले आजीचे निळे लुगडे त्या मानाने वर उचली. वर मी पाटी लावली : ‘आत्ताची पैनगंगा. कळ दाबा.’

पहिल्या दिवशी मुलांनी कळ दाबली. लुगडे जमिनीपासून चार बोटे उठले आणि थांबले. जानेवारीतली नदी ती! पुन्हा दाबली, पुन्हा चारच बोटे. “बिघडलंय वाटतं,” म्हणत मंडळी पुढे गेली. दुपारपर्यंत मी रडकुंडीला आलो. संध्याकाळी परीक्षक यायचे होते. शेवटी मित्राला न विचारताच मी सेन्सरचा आकडा बंद केला आणि मनाचे आकडे भरले. मग काय विचारता! कळ दाबताच लुगडे सरसर डोक्याच्या वर जाऊ लागले. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. मी खूष होतो.

इतक्यात झाडलोट करणाऱ्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. जुलै २०२३ च्या पुरात नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा त्यांचेही घर त्यात होते. वर चढणाऱ्या निळ्या कापडाकडे त्या बघतच राहिल्या.

“काय लिवलंय रं पाटीवर?”

मी वाचून दाखविले.

“म्हंजी आत्ताचं पाणी हाय हे?”

“हो,” मी सवयीने म्हणालो.

हातातला झाडू तिथेच टाकून त्या निघाल्या. “लेकरू एकलंच हाय घरी,” एवढेच ऐकू आले. जानेवारीत पूर कुठला, हा विचार ज्याचे घर बुडालेले नाही त्याला सुचतो. मी धावत जाऊन त्यांना फाटकापाशी गाठले. “मावशी, खोटं आहे ते. मीच केलंय.”

त्या पायरीवर बसल्या. पदराने घाम पुसला. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “मग पाटी खरी कशाला लिवली?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. परीक्षक येण्यापूर्वी मी सेन्सर पुन्हा जोडला आणि मित्राला सारे सांगून टाकले. परीक्षकांनी कळ दाबली. चार बोटे! ते हसून पुढे गेले. बक्षीस मिळाले नाही, हे सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दालनात कुणी नसताना मावशी आल्या. त्यांनी स्वतः कळ दाबली. लुगडे थोडेसे उठले आणि थांबले. त्यांनी वाकून बोटांनी उंची मोजली.

“बरं हाय. निजलीय,” त्या म्हणाल्या आणि झाडू लागल्या.

संमेलन संपेपर्यंत त्या रोज दोनदा येऊन कळ दाबून जात. मीही मग त्यांच्यासारखीच बोटांनी उंची मोजू लागलो.

(बी. ए. भाग दुसरा)