कुरखेड्यातून विद्यापीठात

आज रात्री जेवणं आटोपल्यावर व्हीपीएन, म्हणजे विद्यापीठाच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट, सुरू केलं. पासवर्ड टाकला, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला आणि विद्यापीठाच्या सर्व्हरवरचं माझं फोल्डर इथे, गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्यात उघडलं. तेंदूपानांच्या हंगामातल्या मुलाखती, ग्रामसभांचे ठराव, सगळं जागच्या जागी. खूप बरं वाटलं.

आधी विद्यापीठ इतकं जवळ नव्हतं. 2011 साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झालं. त्याआधी इथली महाविद्यालयं नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. एका कागदासाठी नागपूर गाठावं लागे. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी हुशार पोरींचं शिक्षण त्या प्रवासापायीच थांबलं असेल.

इथलं नेट मात्र पावसात मध्येच जातं. सर्व्हरवरच फाइल उघडून लिहीत बसलं आणि जोडणी तुटली, तर केलेले बदल जाऊ शकतात. म्हणून मी फाइल आधी लॅपटॉपवर उतरवून घेते, काम करते, नावात तारीख घालून परत चढवते. मोठी ध्वनिमुद्रणं पहाटे, नेट मोकळं असताना.

या मुलाखतींत माणसांनी वनहक्कांबद्दल, ठेकेदारांबद्दल विश्वासानं सांगितलंय. ते पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सअॅपवर फिरवणं मला पटत नाही. व्हीपीएनमधून मजकूर सांकेतिक रूपात विद्यापीठापर्यंत जातो. वाटेत कुणी पकडला तरी त्याला वाचता येत नाही.

गावात राहून संशोधन करणाऱ्यांनो, आपल्या विद्यापीठाच्या संगणक विभागाकडे व्हीपीएनची सोय मागा. आणि मिळाली की पासवर्ड कुणालाही देऊ नका, अगदी मैत्रिणीलाही नाही.