उन्हाची बेगमी

बेगमी हा शब्द हल्ली कानांवर क्वचित पडतो. पूर्वी वैशाख सरण्याच्या आत घराघरांतून धान्य, डाळी, मिरच्या, चिंच आणि पापड-कुरडया यांची भरती होत असे. आता दुकान उंबरठ्याशी आले आहे. तेव्हा चार महिन्यांचा विचार एकदम कोण करतो? आमच्या गोमंतकात या पावसाळी साठवणीला 'पुरुमेंत' म्हणतात. शब्द पोर्तुगीज वळणाचा, पण वस्तू अस्सल घरची: तांदूळ, नारळ, आमसुले, सुकी मासळी. गोव्याचा पाऊस एकदा कोसळू लागला की होडी समुद्रात जात नाही आणि अंगणात काही वाळत नाही. मग माळ्यावर जे असेल तेच खरे.

या जुन्या शब्दाची थोरवी आम्हांला कळली ती मात्र एका अगदी नव्या कामात. एका मालवाहू गाडीच्या टपावर सौर पॅनेल बसवावयाचे आणि तिच्यासाठी बॅटरी निवडावयाची, असे ते काम होते.

त्याचे कारण असे. आमची आई गेली काही वर्षे आमच्याजवळ इंदुरात असते. झोपेत श्वास अडकण्याचा तिला विकार आहे. त्यासाठी रात्रभर सी-पॅप नावाचे यंत्र लावावे लागते. नाकावरील मुखवट्यातून ते हवेचा हलका दाब देत राहते व घशाची वाट मोकळी ठेवते. वीज गेली की यंत्र थांबते आणि आई दचकून उठून बसते. अशा आईने २०२४ च्या उन्हाळ्यात एक इच्छा बोलून दाखविली: "एकदा चवथीला पेडण्याच्या घरी न्या. माटोळी बांधताना पाहायची आहे." गुडघ्यांमुळे आगगाडीची चढउतार तिला झेपत नाही, शिवाय रात्रभर यंत्राला अखंड वीज मिळेल, ही हमी प्रवासात कोण देणार? आमच्या भावोजींचा मालवाहतुकीचा व्यवसाय आहे. ते म्हणाले, "आई, एक बंद पेटीची गाडी मोकळी आहे. तिच्यातच तुमची खोली करू." परिवहन कार्यालयात चौकशी करून त्यांनी कामास हात घातला, कारण मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ वर्णनाशी विसंगत होईल असा फेरफार गाडीत करता येत नाही. पलंग, खिडक्या, पडदे झाले. राहिली वीज, आणि ते खाते आमच्याकडे आले.

आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. व्होल्ट, अँपिअर आणि वॅट ही आमच्या लेखी तीन परकीय आडनावे होती. पुढे कळले की ती खरोखरच आडनावे आहेत! इटलीचे व्होल्टा, फ्रान्सचे अँपिअर आणि स्कॉटलंडचे वॅट यांच्या स्मरणार्थ ती मापे ठेवली आहेत. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, अँपिअर म्हणजे तिचा प्रवाह. दोहोंचा गुणाकार केला की वॅट, म्हणजे काम करण्याचा वेग. वॅटला तासांनी गुणले की खर्च निघतो आणि असे हजार वॅट-तास झाले की एक युनिट होते. एवढा गुणाकार आमच्या सातवीतील विद्यार्थ्यालाही येतो. तेव्हा आम्ही धीर धरला.

चाकांवरच्या सूर्यघराचे उदाहरण शोधण्यास आम्हांला दूर जावे लागले नाही. आमच्या शेजारच्याच खरगोन जिल्ह्यात जन्मलेले व मुंबईच्या आय. आय. टी.त प्राध्यापकी केलेले डॉ. चेतनसिंह सोळंकी हे नोव्हेंबर २०२० मध्ये भोपाळहून एका बसमधून 'ऊर्जा स्वराज यात्रे'वर निघाले आणि २०३० पर्यंत घरी न परतण्याचा संकल्प त्यांनी केला. ती बस हेच त्यांचे घर, कचेरी व शिकवणीचा वर्ग. तिच्या टपावर ३.२ किलोवॅटचे पॅनेल आणि पोटात ६ युनिटांची बॅटरी अशी व्यवस्था होती. त्यांच्या शिकवणुकीचा क्रम आम्हांला विशेष वाटला: प्रथम विजेचा अनावश्यक वापर टाळा, मग लागते तीही काटकसरीने वापरा आणि त्यानंतर उरेल तेवढी स्वतः निर्माण करा. पॅनेल विकत घेणे ही पहिली पायरी नसून शेवटची आहे.

बाजारात मात्र गंगा उलटी वाहत होती. "कितीची बॅटरी देऊ?" हाच पहिला प्रश्न, आणि जितकी मोठी तितकी चांगली, हे त्याचे तयार उत्तर. घरी येऊन आम्ही ही अडचण सांगितली, तेव्हा आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "पुरुमेंत किती भरायचे ते पावसाला विचारावे, बाजाराला नव्हे." पाऊस किती दिवस आणि खाणारी तोंडे किती, यावरून साठवण ठरते, असा तिचा साठ वर्षांचा अनुभव. आमचा सारा प्रश्न या एका वाक्याने सुटला.

आम्ही खाणारी तोंडे मोजली. आईच्या यंत्रातील पाणी तापविण्याची सोय वैद्यांच्या संमतीने बंद ठेवली, तर ते सुमारे ३८ वॅट घेते, असे मोजणीयंत्राने दाखविले. आठ तासांचे झाले ३०० वॅट-तास. १५ वॅटचे दोन पंखे दहा तास, म्हणजे आणखी ३००. दिवे ६० आणि मोबाईल ६०. औषधे व दूध यांसाठी छोटा फ्रिज. तो ४५ वॅटचा असला तरी थांबत थांबत चालतो, म्हणून दिवसाचे आठ तास धरून ३६०. एकूण १,०८० वॅट-तास, म्हणजे एका युनिटाहून थोडे अधिक. इस्त्री, हीटर व विजेची शेगडी यांना गाडीत मज्जाव केला. हजार वॅटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून ८० अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते. एवढ्यासाठी तारा किती जाड लागतील, याचा विचारच पुरेसा होता.

आता मिळकतीची बाजू. सूर्यप्रकाश पडल्यावर काही पदार्थांत वीज उत्पन्न होते, हे फ्रान्सच्या एडमंड बेकरेल यांनी १८३९ साली दाखविले. सिलिकॉनचा उपयोगी सौर घट मात्र अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला. चारच वर्षांनी, मार्च १९५८ मध्ये, 'व्हॅनगार्ड-१' हा लहानसा उपग्रह सौर घट घेऊन आकाशात गेला. त्यातील एक प्रक्षेपक नुसत्या बॅटरीवर चाले; तो त्याच वर्षी जून महिन्यात मुका झाला. उन्हावर चालणारा दुसरा १९६४ पर्यंत बोलत राहिला. ज्या साठ्यात भर पडत नाही तो कितीही जपला तरी सरतो, हे यावरून उमगते.

आमच्या गाडीच्या टपावर २०० वॅटची दोन पॅनेले मावली. इंदूरचे कारागीर त्यांना सरळ 'प्लेट' म्हणतात. घराच्या गच्चीवर प्लेट दक्षिणेकडे कलती ठेवतात. परंतु गाडीला दक्षिण कोणती? रस्ता वळेल तिकडे तिची दिशा वळते. म्हणून ती सपाट बसविली आणि थोड्या मिळकतीवर पाणी सोडले. टप आणि प्लेट यांत चार बोटांची फट ठेवली, कारण सिलिकॉनला ऊन हवे असले तरी ताप नको असतो. २५ अंशांच्या पुढे तापमान जसे चढते, तशी तिची वीज घटत जाते. सावलीचाही मोठा जाच. एका कोपऱ्यावर डहाळीची सावली पडली तरी साऱ्या प्लेटचे उत्पन्न कोसळू शकते, कारण तिच्यातील घट साखळीच्या कड्यांप्रमाणे जोडलेले असतात. माणसाला थांबावयास झाड हवे आणि प्लेटला माळरान. हा तंटा प्रवासभर चालला! चांगल्या उन्हाच्या दिवशी ४०० वॅटमधून तूटफूट वजा जाता सुमारे १,२०० वॅट-तास पदरात पडतात. म्हणजे जमाखर्च जेमतेम जुळला. पण तो उन्हाच्या दिवशी. आम्हांला तर भाद्रपदात जावयाचे होते.

म्हणून खरी परीक्षा बॅटरीची. शिसे व आम्ल यांची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली बनविली; आजही आपल्या घरच्या इन्व्हर्टरखाली बहुधा तीच असते. ती स्वस्त आहे आणि गावोगावचा कारागीर ती जाणतो. परंतु निम्म्याहून अधिक रिकामी करीत गेल्यास तिचे आयुष्य झपाट्याने खुंटते, वजन जबर, आणि भारित होताना ती हायड्रोजन वायू सोडते. ज्या बंद पेटीत आई निजणार तेथे हे सोबती नको होते. दुसरी जात लिथियम-लोह-फॉस्फेटची. लिथियम बॅटऱ्यांच्या शोधासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळाले. पैकी गुडइनफ यांच्या १९९७ सालच्या ज्या शोधनिबंधातून ही लोह-फॉस्फेटची जात पुढे आली, त्यावर अक्षय पाढी व के. एस. नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावेही आहेत. ही बॅटरी वजनाने हलकी, तापण्याच्या बाबतीत इतर लिथियम जातींहून शांत, आणि ऐंशी टक्के रिकामी केली तरी हजारो वेळा भरता येणारी. किंमत मात्र आरंभी जास्त.

दोन्ही पारड्यांत १०० अँपिअर-तासांच्या दोन-दोन बॅटऱ्या घालून आम्ही तोलून पाहिले. शिशाच्या दोन, १२ व्होल्टच्या, म्हणजे २,४०० वॅट-तास. त्यांतील निम्मे वापरण्याजोगे, १,२००. एक दिवस-रात्र कशीबशी निघेल. लोह-फॉस्फेटच्या दोन, १२.८ व्होल्टच्या, म्हणजे २,५६०; त्यांतील ऐंशी टक्के, सुमारे २,०५०. जवळजवळ दोन दिवस. पावसाला विचारले तर दुसरेच उत्तर येत होते. आम्ही तेच मानले.

जोडणी जाणत्या कारागिराने केली. आम्ही शेजारी उभे राहून शिकलो. प्लेट व बॅटरी यांच्या मध्ये चार्ज कंट्रोलर बसतो. तो बॅटरीला पोटाबाहेर खाऊ देत नाही. त्याला आधी बॅटरी जोडावयाची आणि मग प्लेट, हा क्रम. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, म्हणजे तार कोठेही घासली तरी आग लागण्यापूर्वी वाट तुटते. आईचे यंत्र इन्व्हर्टरवर न लावता सरळ बॅटरीवर चालणाऱ्या जोडणीवर घेतले, कारण इन्व्हर्टरमधून जाताना विजेचा काही अंश उष्णतेत वाया जातो. आणि गाडी धावत असताना इंजिनानेही बॅटरीत भर घालावी, अशी तिसरी सोय केली.

३ सप्टेंबरला आम्ही निघालो. मानपूरचा घाट उतरून खलघाटला नर्मदा ओलांडली, सेंधवा मागे टाकले आणि पहिली रात्र धुळ्याच्या अलीकडे काढली. तेथपासून पुढे आंबोलीपर्यंत इंजिन आणि अधूनमधून डोकावणारे ऊन यांनी साठा भरलेला ठेवला. आंबोलीला मात्र आभाळ जमिनीवर उतरले होते. पावसात घाट उतरू नये, असे भावोजींनी ठरविले आणि गाडी दोन रात्री व मधला दिवस एके जागी उभी राहिली. आई आत निजलेली असताना धुराचे इंजिन सुरू ठेवणे शक्य नव्हते. आणि धुक्यातून प्लेटला मिळाले ते दीडशे वॅट-तासांच्या आसपास. पहिल्या रात्री गारव्यामुळे पंखे लागले नाहीत. दुसऱ्या रात्री औषधे आईच्या पाण्याच्या पिशवीत गार राहतील असे पाहून फ्रिजही बंद केला. दिवा एकच ठेवला. पत्र्यावर पावसाचा ताशा वाजत होता आणि त्याखाली यंत्राचा मंद, एकसारखा सूर चालू होता. त्या रात्री आम्ही कितीदा तरी जागे होऊन तो सूर ऐकला. सकाळी मोजपट्टीवर अंक होता साठ टक्के. शिशाची जोडी असती तर तिचा वापरण्याजोगा साठा त्या वेळी जवळजवळ संपलेला असता.

६ तारखेच्या दुपारी आम्ही पेडण्यास पोहोचलो. सुपाऱ्यांचे घोस, कांगले, नारळ बांधून होत आले होते. आईने खुर्चीवर बसून माटोळीतील प्रत्येक फळाचे नाव घेतले.

विद्यार्थिमित्रहो, पॅनेलच्या किमती पुढे उतरतील, नव्या जातीच्या बॅटऱ्याही निघतील. आमचे आकडे कदाचित जुने होतील. हिशेबाची रीत मात्र जुनी होणार नाही. आज घरी गेल्यावर पंखा, दिवा, फ्रिज यांच्या पाठीवर लिहिलेले वॅट वहीत उतरवून घ्या, प्रत्येक वस्तू किती तास चालते ते लिहा, गुणाकार करा आणि महिन्याच्या बिलाशी ताडून पाहा. मग आजीला विचारा की पूर्वी पावसाळ्याची बेगमी ती कशी ठरवीत असे. ही दोन गणिते एकाच पानावर शेजारी शेजारी मांडून पाहा.