टोस्टावर काय काय

भाकरीला काही विचारावं लागत नाही. ज्वारीची गरम भाकरी ताटात आली की झुणका, ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा, फार तर लोण्याचा गोळा, एवढं तिच्या पाठोपाठ आपोआप येतं. घावनाला नारळाचा रस लागतो. पुरणपोळीवर तूप की दूध यावरून घरात दोन तट पडतात, तिसरा सहसा पडत नाही. आपल्याकडचा प्रत्येक पदार्थ आपले सोयरे बरोबर घेऊन येतो आणि त्यांच्या मानपानाच्या जागाही ठरलेल्या असतात. पाव तेवढा आमच्या घरात एकटा आला. त्याच्या बाजूने रुसून बसणारं कोणी नव्हतं. त्यामुळे त्याच्यावर काय घालावं आणि काय घालू नये, हे सांगणारी आजी किंवा सासू आमच्यासारख्या घरांत नसते. मला ही मोठी मोकळीक वाटते. माझ्या मैत्रिणीला मात्र हे म्हणणंच मुळात मान्य नाही.

ती वेंगुर्ल्याची. गोवा हाकेच्या अंतरावर, तेव्हा पाव तिला परका कसा वाटणार? पोर्तुगिजांबरोबर तो गोव्यात आला, तिथल्या पोदेरांनी माडाच्या सुरेने पीठ आंबवून तो आपलासा केला, आणि सायकलचा भोंपू वाजवत सकाळ-संध्याकाळ दारोदार पोचवला. "पावाला कोणी नाही म्हणतेस? चल माझ्याबरोबर, सगळं गोत दाखवते," असं ती म्हणते आणि बोटांवर मोजायला लागते: पातळ भाजी, उसळ, शाकुती, नुसता काळा चहा. मी म्हणते, ते गोत त्या पावाचं. हा आपल्या ओट्यावरचा चौकोनी, कापलेला, पिशवीतला पांढरा ब्रेड, ह्याचं कोण आहे सांग. तिथे ती जराशी गप्प होते. जराशीच.

साताऱ्याला आमच्या घरी ब्रेड यायचा तो कोणाला ताप आला की. दुधात भिजवून, साखर घालून, आजाऱ्याने तो गिळायचा. तापाच्या तोंडाला त्याची चव कधी कळलीच नाही. आजी तो स्वयंपाकघरात येऊ देत नसे, सोप्यातल्या कोनाड्यात ठेवायची. सोवळ्यासाठी की मुंग्यांसाठी, हे तिला विचारायची कोणाची छाती नव्हती. पण ह्या कोनाड्यामागे बराच मोठा इतिहास उभा होता, हे पुढे वाचनात आलं. 1849 साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. जातिभेद न मानणाऱ्यांची ही सभा गुप्तपणे चाले, आणि नव्या सभासदाची परीक्षा काय, तर ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव सगळ्यांदेखत खायचा. त्या पावाला काही लावलेलं असे का, याची नोंद कोणी केलेली माझ्या पाहण्यात नाही. बहुधा कोरडाच असणार. घशाखाली उतरताना तो किती खरखरला असेल! पुढे सभासदांची नावं फुटली आणि सभा विखुरली. पुण्यात 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतर मंडळी जमली. चहा समोर आला, कोणी घेतला, कोणी नुसता कप हाती धरला. गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची यादी वर्तमानपत्रात छापून आणली आणि प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. त्याच पुण्यात आषाढाच्या एका पावसाळी दुपारी निवृत्त झालेल्या दोन बायका मेतकूट आधी की तूप आधी यावर हमरीतुमरीवर आल्या होत्या. ओट्याशी उभं राहून मला रानड्यांची फार आठवण झाली.

टोस्ट म्हणजे इथे चहात बुडवायचा बेकरीतला कडक टोस्ट नव्हे. आमचा टोस्ट म्हणजे तव्यावर भाजलेली ब्रेडची स्लाइस. हॉस्टेलवर असताना आम्ही ती कॉइलच्या शेगडीवर, रेक्टरबाईंचा राउंड संपला की, चिमट्यात धरून भाजायचो. कडा काळ्या, मध्ये पांढरी, आणि खोलीभर असा वास की चोरी लपणं शक्यच नसे. आता तिच्याकडे टोस्टर आहे. मला तो आवडत नाही. त्यात स्लाइस कधी आत जाते आणि कधी उडी मारून वर येते, मधलं काही दिसत नाही. तव्यावर सगळं डोळ्यांदेखत होतं. आधी वाफ निघते. पृष्ठभागावरचं पाणी उडून जाईपर्यंत रंग बदलत नाही. मग कुठेतरी एक फिकट तांबूस डाग उमटतो आणि तो पसरतो. पिठातली साखर आणि प्रथिनं उष्णतेने एकमेकांशी जुळतात, त्यातून तो रंग आणि तो वास येतो. लुई-कामीय मायार या फ्रेंच माणसाने 1912 साली ह्या क्रियेचा पहिला वृत्तान्त लिहिला. भाकरीवरचे डाग, भाजलेली कॉफी, खरपूस खवा, सगळीकडे तीच क्रिया चालते. ब्रेड कालचा असला तर आणखी बरं. ताज्या ब्रेडमध्ये ओल जास्त, तो तव्यावर आधी उकडतो आणि मग नाइलाजाने भाजतो. शिळा झालेला, थोडा ताठ आलेला ब्रेड गरम होताच आतून पुन्हा मऊ पडतो आणि बाहेरून चटकन कुरकुरीत होतो. शिळेपणाचा असा उपयोग पाहिला की आमच्या वयाच्या बायकांना बरं वाटतं.

त्या दुपारी ओट्यावर जे जे होतं ते ते आम्ही टोस्टावर घातलं. तिच्या डब्यातून आलेलं वेगळं, माझ्या फडताळातलं वेगळं. पहिला मान मेतकुटाचा. मी आधी मेतकूट भुरभुरवायला निघाले, तर तिने हात धरला. "अगं, उडून जाईल सगळं." बरोबर होतं तिचं. भाजलेल्या डाळी-तांदळाचं ते पीठ कोरड्या टोस्टावर टिकत नाही, पहिल्या घासाला ठसका लागतो. आधी तूप, तेही पातळ नको, रवाळ. लोण्यात पाणी असतं. विकतच्या बटरमध्येसुद्धा शंभरातले सोळा भाग पाण्याचेच. ते पाणी हळूहळू टोस्टात मुरतं आणि कुरकुर मालवते. तूप म्हणजे कढवून पाणी घालवलेलं लोणी, त्यामुळे ते भोकाभोकांत उतरूनही टोस्ट कडकच राहतो. त्यावर मेतकूट, त्यातला हिंग, मोहरी, मीठ. गरम मऊ भातावर खाल्लेलं मेतकूट बाळपणाकडे ओढतं. टोस्टावर मात्र त्याला दातांची संगत मिळाली आणि ते एकदम प्रौढ, थोडं तिखट बोलायला लागलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत चावत राहिलो. कानात होणारा आवाज एवढा मोठा होता की बोलता येत नव्हतं.

साय-साखरेबद्दल फार लिहीत नाही. ती कधीच कोणाला नाउमेद करत नाही, आणि म्हणूनच तिच्यात शोधण्यासारखं काही उरलेलं नाही.

लोणी आणि लसणीची कोरडी चटणी छान, पण ती भाकरीवर जास्त छान. टोस्टावर ती पाहुणी म्हणून वावरते. कारळ्याची चटणी आमच्याकडची, काळीभोर, तिला कच्चं शेंगदाणा तेल लागतं. तेलात कालवून पसरली तेव्हा मैत्रिणीने नाक मुरडलं. "दिसतंय कसं बघ, रस्त्याचं डांबर." एक कोपरा मोडून खाल्ल्यावर उरलेली स्लाइस तिने ताटलीसकट स्वतःकडे ओढली. तिच्या तोंडून असा कबुलीजबाब मिळाला की तिची भाषा बदलते. "बरां लागता," एवढंच म्हणाली. पिठल्याचा प्रयोग फसला असं माझं मत आहे. ते पसरलं, टोस्ट लगदा झाला. इंग्रज लोक टोमॅटोच्या रसातले बीन्स टोस्टावर ओतून जेवतात ते काटा-सुरी घेऊन. आपल्याला हातात धरायचंय. कोरडा झुणका चालेल, वर कोथिंबीर आणि कच्चा कांदा घालून. मुंबईच्या फुटपाथवरचे सँडविचवाले हे शास्त्र आपल्याहून जास्त जाणतात. हिरवी चटणी लावण्याआधी ते ब्रेडला काठापर्यंत बटर फासतात. चव आहेच, पण तो स्निग्ध थर चटणीचं आणि काकडीचं पाणीही ब्रेडपर्यंत पोचू देत नाही.

ह्याच गडबडीत एक टोस्ट ओट्यावरून पडला. तुपाची बाजू खाली, अर्थातच. "बघ, हे असंच होतं," ती म्हणाली. मी तिला सांगितलं की ह्यावर एका इंग्रज माणसाने चक्क शोधनिबंध लिहिला आहे. रॉबर्ट मॅथ्यूज नावाच्या त्या गृहस्थांनी 1995 मध्ये गणित मांडून दाखवलं की दोष नशिबाचा नाही आणि लोण्याच्या वजनाचाही नाही. टोस्ट कडेवरून घसरताना गोल फिरायला लागतो, आणि टेबलाच्या उंचीवरून जमिनीवर पोचेपर्यंत त्याची जेमतेम अर्धी फेरी पूर्ण होते. पुढल्या वर्षी त्यांना इग नोबेल मिळालं. पूर्ण फेरी व्हायची तर टेबल तीन मीटर उंच हवं. मैत्रिणीने ओट्याकडे पाहिलं, वर छताकडे पाहिलं आणि फडकं आणायला गेली.

श्रीखंडाची कल्पना तिची. मला ती पटली नव्हती, कारण श्रीखंड आणि पुरी ह्या जोडीत तिसऱ्याने पडू नये असं माझं मत. पण चक्क्यातलं पाणी आधीच निथळलेलं, त्यामुळे टोस्टावर तो थर नीट बसला, ओघळला नाही. युक्ती अशी की टोस्ट जरा जास्त भाजायचा, तपकिरीच्या पुढे, काळ्याच्या अलीकडे. त्या कडसर चवीने श्रीखंडाची गोडी जागच्या जागी थांबते. पुरी तेलकट मऊ होऊन श्रीखंडाच्या मागे मागे जाते; टोस्ट त्याला उलटून बोलतो. वर मिठाचे दोन दाणे टाकले तर केशर आणि वेलची दोन्ही ठळक होतात. त्या दुपारचा माझा पहिला नंबर ह्यालाच, आणि हे मी पुरीसमोर बोलणार नाही.

मग तिने पिशवीतून एक बरणी काढली. तिची मुलगी मेलबर्नला असते, तिने पाठवलेलं व्हेजिमाइट. बियर बनवताना उरणारं यीस्ट वाया जाऊ नये म्हणून मेलबर्नच्याच सिरिल कॅलिस्टर नावाच्या रसायनतज्ज्ञाने बनवलेला काळा चिकट लेप. 1923 पासून ऑस्ट्रेलियातली मुलं तो टोस्टावर खातात. मुलीने फोनवर बजावून सांगितलं होतं: जॅमसारखा थापायचा नाही, आधी भरपूर बटर, मग हा नखाच्या टोकाएवढा. तसं केलं. खारट, कडवट, मागून एक मांसल चव, जी कुठे बसवावी ते मला कळेना. मैत्रीण डोळे मिटून चावत होती. "सुकटीची चव आहे ही," ती म्हणाली. मला हसू आलं, पण तिचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं. यीस्टमध्ये आणि सुकवलेल्या मासळीत दोन्हीकडे तो ग्लुटामेटचा खोल, लाळ सुटवणारा स्वाद असतोच. एक मेलबर्नच्या भट्टीतून आलेलं, दुसरं वेंगुर्ल्याच्या वाळूवर वाळलेलं. तिच्या जिभेने दोन्ही एका क्षणात शेजारी नेऊन बसवली. त्या लेपावर तिने बारीक चिरलेला कांदा घातला. मुलीला फोटो पाठवला. उत्तरात नुसते रडके चेहरे आले.

सुकटीचं नाव निघालं ते निघालंच. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा कोकणातल्या घरांत हाच साठा कामी येतो. श्रावण चार दिवसांवर आलेला, म्हणजे त्याआधी सगळं उरकायला हवं, असा तिचा हिशोब. माझ्या ओट्यावर हे होणं नव्हतं; इथे आजीचा कोनाडा अजून माझ्याच डोक्यात आहे. म्हणून आम्ही उरलेला ब्रेड उचलला, छत्री उघडली आणि समोरच्या इमारतीत तिच्याकडे गेलो. तिने सुकट कोरडी भाजली, हातावर चोळून चाळली, खोबरेल तेलात कांदा लाल केला, तिखट, ओलं खोबरं, दोन सोलं. वास जिन्यापर्यंत गेला असणार. तव्यावर स्लाइस टाकली, ह्या वेळी लोणी नाही, तूप नाही, सुकटीचं तेलच पुरे. वरून सुकट, हाताने दाबून, म्हणजे सांडायची नाही.

"आता हे तू लिहिशील," ती ताटली पुढे करत म्हणाली, "तर कोणी काय खाल्लं ते लिहू नकोस. गोपाळराव जोशी होऊ नकोस."

म्हणून एवढंच लिहिते की ताटलीत टोस्ट दोन होते, आणि नंतर सोलकढी दोघींनी प्यायली.