शेंदराचा दगड आणि बुटकं दार

राहुरीच्या शिवारात ऊस डोक्याएवढा झाला की बांधावरचा म्हसोबा दिसेनासा होतो. जवळ जाऊन बघावं तर ओबडधोबड दगड, त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराची जाड पुटं, पुढ्यात नारळाची करवंटी आणि विझलेल्या उदबत्तीच्या काड्या. त्याला कुणी छिन्नी लावली नाही. मातीतून निघाला तसाच तो देव झाला. जपानातही शिंतो परंपरेत शिळेभोवती भाताच्या पेंढ्याचा दोर बांधतात, आणि ती पूज्य होते. क्योतोच्या र्‍योआनजी या झेन मंदिरात पांढऱ्या खडीवर पंधरा दगड मांडलेत. कुठूनही बघा, एखादा नजरेआड राहतोच. हात आवरता घेणं हीच तिथे साधना आणि तीच कला.

आमच्या तालुक्यात हा संयम शब्दांत उतरला. ताहाराबादचे महिपती (१७१५–१७९०) वतनाने कुलकर्णी. पूजेला बसलेले असताना जहागीरदाराचं बोलावणं आलं, जावं लागलं. परतल्यावर त्यांनी शपथ घेतली की ही लेखणी यापुढे संतांसाठीच, असं परंपरा सांगते. १७६२ साली त्यांचा ‘भक्तविजय’ पुरा झाला. ५७ अध्याय, आणि भाषा पारावर बसलेल्या माणसाला सहज कळेल अशी. गोरोबांचा चिखल, सावतोबांचा मळा, चोखोबांची वेदना, सगळं त्याच एका साध्या ओवीत. थोरासाठी वेगळा छंद नाही.

सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या चहागुरूने झेनच्या संस्कारातून असंच काही घडवलं. त्याच्या चहाघराचं दार जेमतेम दोन-सव्वादोन फुटांचं. सरदार असला तरी तलवार बाहेर ठेवायची आणि वाकून आत शिरायचं. आत मातीच्या भिंती आणि हाताने घडवलेला, किंचित वाकडा वाडगा.

ती ओवी आणि ते दार मला एकाच घराण्यातली वाटतात. श्रद्धा खरी असली की ती माणसाला आधी वाकायला शिकवते, मग बघायला. त्या बघण्यातूनच सौंदर्य जन्मतं.

आता गावोगाव जीर्णोद्धार निघतात. उघड्यावरच्या देवाला संगमरवर येतो, चकचकीत फरशी येते. त्यामागची माया खोटी नाही. पण बिनघडीव दगडापुढे हात जोडणारी नजर आपल्याला वाडवडिलांनी दिली, ती फरशीखाली गाडली जाऊ नये. म्हणून जीर्णोद्धाराच्या बैठकीत वर्गणीचा आकडा ठरण्याआधी एवढं ठरावं : दगड आहे तसाच राहील.